दिव्याची नळी

टाकीचं झाकण उघडण्याआधी ते चपला काढत. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडीनं, बाजूला लावून. मग गुडघे टेकत, डावा डोळा मिटत आणि उजवा डोळा टाकीच्या तोंडाशी नेऊन आत बघत राहत. तोवर भोवतीच्या माणसांनी काहीही विचारलं, मशीन का बंद पडतं, किती वेळ लागेल, टाकीच बदलावी लागेल का, तरी उत्तर एकच. मान वर न करता, मागे तळवा हलवून म्हणत, "आधी बघा, मग बोला."

टाकी असे डिझेलची, जनरेटरशेजारी लोखंडी स्टँडवर ठेवलेली. ती रिकामी न करता तिच्या तळाशी साचलेलं पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ बाहेर काढणं हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकात बंगळूरला ज्यांनी नोकरी केली असेल, त्यांना त्या जनरेटरांची घरघर आठवत असेल. दिवसातून तीनदा 'करंट' जायचा. तिथे लाईट जात नाहीत, करंट जातो. मग गल्लीतले सगळे जनरेटर एकामागून एक खोकत जागे होत. त्यातला एखादा खोकतच राहिला, की कुणीतरी म्हणे, "अण्णांना बोलवा."

त्यांना सगळे अण्णाच म्हणत. मीही म्हणे. आणि ते साठीचे असून सव्वीस वर्षांच्या मला 'अक्का' म्हणत. पुण्याहून नुकतीच आलेली मी पहिल्यांदा जरा दुखावले होते. मग कळलं, की तिथे तो मान आहे.

आमचं ऑफिस इंदिरानगरातल्या एका बंगल्यात होतं. मी तिथे संगणकाच्या प्रणाली कशा वापराव्यात याची पुस्तकं लिहीत असे. नवा जनरेटर आला तेव्हा त्याच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका मी सवयीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. एवढाच माझा अपराध. दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं, की जनरेटर आता हिच्याकडे. सहा महिन्यांनी तो खोकायला लागला, तेव्हा पुस्तिकेत त्यावर उपाय होता, 'अधिकृत प्रतिनिधीशी संपर्क साधावा.' समोरच्या छापखान्यातल्या माणसाने त्याऐवजी अण्णांचा पत्ता दिला.

ते मोपेडवरून आले. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला बारीक गंध, खांद्याला लांबट कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी ती नळी काढली तेव्हा मला वाटलं, हे एखादं वाद्य असावं.

अंगठ्याएवढी जाड, पारदर्शक, कडक नळी. तिच्या खालच्या टोकाला काचेची परीक्षानळी बांधलेली आणि परीक्षानळीत टॉर्चचा इवलासा बल्ब, तोंड लाखेनं पक्कं बंद केलेलं. तिथून निघालेली वायर दहा हात लांब. तिच्या दुसऱ्या टोकाला दोन सेल आणि बटण. ते ती डबी टाकीपासून लांब, पार जिन्याजवळ नेऊन ठेवत. "ठिणगी झाली तर तिथे होऊ दे," म्हणत. आणि पेट्रोलच्या टाकीला ते हातच लावत नसत. कुणी फार गळ घातली तर हात जोडत. "डिझेल समजूतदार आहे. त्या दुसऱ्याशी माझं बोलणं नाही."

कडक नळीच्या वरच्या टोकाला मऊ रबरी नळी होती. ती खाली जमिनीवरच्या काचेच्या बरणीत सोडलेली. मध्ये एक रबरी फुगा, डॉक्टरांच्या रक्तदाब मोजायच्या यंत्राचा असतो तसा. तो दोन-तीनदा दाबला की डिझेल चढू लागे. एकदा चढलं, की मग टाकी उंच आणि बरणी खाली असल्यानं आपलं आपण वाहत राही.

"चप्पल काढा, अक्का."

"मी?"

"जनरेटर कुणाचा? तुमचा. मग टाकी कोण बघणार? तुमचा शेजारी?"

मी चपला काढल्या, गुडघे टेकले. त्यांनी नळी टाकीत सोडली आणि जिन्याजवळ जाऊन बटण दाबलं.

त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी पाहिल्या, पण तो पहिला क्षण अजून जसाच्या तसा आहे. अंधाऱ्या टाकीत एकदम मधाच्या रंगाचा उजेड पसरला. तळाशी पाण्याचे थेंब पडले होते. डिझेलात न मिसळलेले, काचेच्या मण्यांसारखे, काही बोराएवढे, काही मोहरीएवढे. अण्णांनी परत येऊन नळीचं टोक त्यांच्याजवळ नेलं. एक मणी हलला, थोडा लांबोळा झाला आणि पळत जाऊन नळीत शिरला. मग दुसरा. मग तीन-चार एकदम. मी हसायला लागले. मागून अण्णाही हसत होते.

"बघलात?"

"बघितलं."

"आता बोला."

मी पुन्हा डोळा टाकीच्या तोंडाशी नेला.

बरणीत तीन थर झाले. वर डिझेल, मध्ये पाणी, तळाशी काळा गाळ. बरणी उजेडाकडे धरून ते वैद्याच्या गांभीर्यानं म्हणाले, "तुम्ही टाकी अर्धी ठेवता. वरच्या अर्ध्यात हवा. पहाटे गार झालं की त्या हवेतलं पाणी आतून पत्र्याला धरतं आणि खाली उतरतं. संध्याकाळी भरून ठेवत जावा. मग मला बोलवायला नको."

"मग तुमचं काय?"

"माझं? गाव एवढं मोठं आहे की."

काम झाल्यावर बरणीतला गाळ ते आपल्याच डब्यात भरून घेऊन जात. गटारात ओतायला सांगितलं तर त्यांना ते कुणाच्या तरी अंगणात थुंकल्यासारखं वाटे.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेलं. मराठी घरात जपलेलं, पण त्याला कन्नडचं पाणी मिळालेलं. 'मी बघलो', 'मी सांगलो' असं म्हणत, मध्येच 'स्वल्प थांबा', आणि बरं म्हणायला 'सरी, सरी'. पहिल्या भेटीत माझं पुणेरी मराठी ऐकून ते म्हणाले होते, "तुम्ही अगदी छापलेलं बोलता हो!" त्यानंतर एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. के. आर. पुरमच्या अलीकडे त्यांचं बसकं कौलारू घर होतं. मागे अंगण, अंगणात धुण्याचा दगड, आणि दगडाशेजारी जमिनीत पाण्याचा संप, म्हणजे पुरलेली टाकी, वर लोखंडी झाकण. पाणी एक दिवसाआड येई, म्हणून तिथल्या प्रत्येक घराला असा संप असतोच.

नळीची जन्मकथा मी त्या अंगणात ऐकली. अण्णा सांगत होते, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुरुस्त्या करत होत्या.

पूर्वी सगळे मिस्त्री करतात तेच अण्णा करत. टाकीत रबरी नळी सोडायची, दुसरं टोक तोंडात धरायचं, ओढायचं, आणि डिझेल ओठांपर्यंत आलं की झटकन काढून डब्यात सोडायचं. दर वेळी थोडं तोंडात जाईच. पण त्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण जीभ हेच त्यांचं हत्यार होतं.

"टाकीत अंधार. काय येतंय ते दिसणार कसं? जीभ सांगायची. आधी पाणी येतं. ते संपलं, डिझेल लागलं, की थांबायचं. डिझेलच्या तोंडाला पाणी कसं लागतं माहीत आहे, अक्का? गोड."

"आणि घरचं जेवण कसं लागायचं ते पण सांगा," खिडकीतून आवाज आला.

"घरचं पण डिझेलच लागायचं," अण्णांनी कबूल केलं.

"तीस वर्षं मी रसम करते आहे आणि हे विचारतात, आज सांबार केलंस काय?"

कामावरून आले की ते अंगणातल्या दगडावर बसून चुळा भरत. त्यासाठी एक पितळी लोटा होता, काकूंच्या माहेरचा. डिझेलच्या तोंडाला लागतो म्हणून तो घरात येत नसे, दगडावरच असे. पाऊण तास चुळा चालत. लोटा वाजला की काकू पान वाढायला घेत.

मग एके दिवशी एका कारखान्यात नळी तोंडात असताना शेजारच्यानं काहीतरी विनोद केला, आणि अण्णा हसले. डिझेल घशातून सरळ छातीत गेलं. तीन आठवडे ते हॉस्पिटलात होते. पहिला आठवडा कुणी धड काही सांगत नव्हतं.

"विनोद काय होता?" मी विचारलं.

"तेच आठवत नाही हो," अण्णा हळहळून म्हणाले. "एवढा महागात पडला, आणि आठवत नाही."

घरी आले तेव्हा दगडावर लोटा नव्हता. त्यांनी शोधला. मोरीत, माळ्यावर, शेजाऱ्यांकडे. नव्हता.

"मांजरानं नेला असेल," खिडकीतून आवाज आला.

"बघा! बारा वर्षं हेच उत्तर. पितळेचा लोटा, शेरभर वजनाचा. केवढं हो ते मांजर?"

"मोठं होतं."

"तू बघलीस?"

"आधी बघायला मी काय टाकीवाली आहे?"

पण त्या दिवशी काकूंनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की पुन्हा तोंड लावायचं नाही. वचन देऊन अण्णा बेकार झाले. कारण जीभ गेली तर कळणार कसं, की पाणी कुठे संपलं? चार महिने ते घरी बसून विचार करत राहिले. मग एकदा करंट गेलेला असताना काकू टॉर्च घेऊन तांदळाच्या डब्यात किडे बघत होत्या, आणि यांना नळी सुचली. जिभेचं काम डोळ्यानं करायचं.

जेवून झाल्यावर मी सहज म्हणाले, "अण्णा, या नळीनं तुमचा संपही साफ होईल की. पाणी न उपसता."

"नाही." काकू बाहेरच आल्या. "डिझेलचं काही माझ्या पाण्याला लागायचं नाही. त्या झाकणाला यांनी हात लावायचा नाही. सांगून ठेवलं आहे."

"सरी, सरी," अण्णा म्हणाले.

आता मुद्द्याची गोष्ट. मिस्त्रीलोक अजून तोंडच लावत होते. अण्णा एकेकाला गाठून नळी दाखवत. ते हसत. "म्हातारपणी खेळणं केलंय," म्हणत. तोंडाला काय होतं, फुकट आहे की. एक ओळखीचा मिस्त्री असाच छातीत डिझेल जाऊन आजारी पडला, तेव्हा अण्णा त्याला हॉस्पिटलात बघून आले आणि दोन दिवस कामाला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"अक्का, मी एकेकाला सांगून संपणार नाही. वरच्यानं हुकूम काढला तर हे ऐकतील. तुम्ही इंग्लिशमध्ये लिहून द्या."

होसकोट्याला एका कंपनीचा डेपो होता. गावभरच्या जनरेटरांची देखभाल तिथले वीस-बावीस मिस्त्री करत. मी त्यांच्या साहेबांना पत्र लिहिलं, फोन केले, पुन्हा पत्र लिहिलं. शेवटी साहेब म्हणाले, येतो, दाखवा. आमच्याच ऑफिसात दाखवायचं ठरलं. तारीख मी ठरवली. साहेबांचा मोकळा दिवस, आमच्या ऑफिसात वर्दळ कमी. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. तो दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा होता.

बंगळूरचे वाचक आत्ताच हसले असतील. बाकीच्यांना सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे आयुधपूजा असते. शिवणयंत्रापासून बसपर्यंत जे जे यंत्र आहे ते ते धुतात, पुसतात, त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ घालतात, दारात कोहळा फोडतात. आमच्या ऑफिसातही संगणकांना गंध लागलं. जनरेटरची पूजा अण्णांच्या हातची. ते सकाळीच आले, चपला काढल्या, आणि पूजेआधी टाकी साफ करायला बसले. टाकी मळकी ठेवून वरून कुंकू लावायचं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांनी दोन तास खपून एकूण एक मणी टिपला. मी शेजारी उभी राहून चुरमुरे खात होते. "वा, अण्णा," असंही म्हणाले.

हो, मीच. दोन दिवसांनी ज्या टाकीतला गाळ दाखवायचा होता, ती टाकी माझ्यासमोर आरशासारखी होत होती, आणि मी चुरमुरे खात होते.

ठरल्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेली जीप आली. साहेब, एक तरुण इंजिनिअर आणि एक थोराड, मिशाळ, अबोल मिस्त्री. अण्णांनी कोरा शर्ट घातला होता. चपला काढल्या. साहेबांना काढायला सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बूट काढले. दिवा लागला. साहेब वाकले.

"काय बघायचं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

अण्णांनी उत्साहानं फुगा दाबला. बरणीत डिझेल आलं. स्वच्छ, पिवळंधमक, प्यावंसं वाटेल असं. आणखी आलं. बरणी भरली. अण्णांनी ती उजेडाकडे धरली. एक थेंब पाणी नाही, एक कण गाळ नाही. तेव्हा, अगदी तेव्हा, आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"म्हणजे हे यंत्र टाकीतलं चांगलं डिझेल बाहेर काढतं," इंजिनिअर म्हणाला. साहेब हसले.

अण्णांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता.  मी त्यांच्या कानाशी लागले. "अण्णा, मी साहेबांना चहाला आत नेते. तुम्ही टाकीत एक तांब्याभर पाणी टाका."

ते दोन पावलं मागे सरले. "टाकीत पाणी? मी?" आवाज एवढा चढला, की सगळे वळले. "परवा पूजा केलेल्या टाकीत? अय्यो अक्का, एवढी पुस्तकं वाचून हे शिकलात?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. साहेब बूट घालायला लागले.

तेवढ्यात तो मिशाळ मिस्त्री पुढे आला. इतका वेळ तो टाकीकडे नव्हे, नळीकडे बघत होता. त्यानं नळी हातात घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली आणि कन्नडमध्ये विचारलं, "तोंड कुठे लावायचं?"

"कुठेच नाही," अण्णा म्हणाले.

"सुरुवातीला?"

"नाही."

"मध्ये धार तुटली तर?"

"फुगा दाबा. तोंड नाही."

मिस्त्रीनं फुगा दाबून पाहिला. डिझेल वाहू लागल्यावर सोडून दिला, आणि ते आपलं आपण वाहतंय हे बघत राहिला. मग रुमालानं मिशा पुसल्या, जणू इतक्या वर्षांचं काहीतरी पुसायचं होतं. त्यानं साहेबांना काही विचारलं नाही. सरळ जीपकडे गेला, ड्रायव्हरची सीट उचलली, तिच्याखालच्या डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि हाक मारली, "अण्णा, इकडे या."

त्या जीपची आयुधपूजा बाहेरूनच झाली होती. बॉनेटवर माळा, चाकांना कुंकू, चारी काचा लखलखीत. आत दिवा सोडला आणि साहेबांनी डोकावून पाहिलं. एक पाय बुटात, एक मोज्यात, असे ते बराच वेळ वाकून होते.

"ही आपली जीप?" त्यांनी विचारलं.

 अण्णांनी नळीचं टोक फिरवलं. मोठे मोठे मणी पळत सुटले, मागून गंजाचे पापुद्रे, मागून काळा गाळ ढगासारखा उठून नळीत ओढला गेला. बरणी भरली. दुसरी आणावी लागली. इंजिनिअर आता गुडघ्यांवर बसून "तिकडे, तिकडे एक राहिला," असं सांगत होता. अण्णांनी मान वर न करता मागे तळवा हलवला.

"आधी बघू दे."

डेपोतल्या प्रत्येक मिस्त्रीला एकेक नळी द्यायची, आणि तोंड लावताना कुणी दिसला तर त्याला कामावरून परत पाठवायचं, असा हुकूम आठवड्यात निघाला. अण्णांच्या अंगणात नळ्यांचा कारखाना सुरू झाला. परीक्षानळ्यांची तोंडं लाखेनं बंद करायचं काम काकूंचं. रांगोळीचा हात होता, एक थेंब इकडेतिकडे होत नसे. नळीबरोबर द्यायचं माहितीपत्रक मी लिहिलं, चौदा पायऱ्यांचं. मराठीत नाव ठेवलं 'प्रकाशयुक्त वक्रनलिका'.

"एवढं म्हणेपर्यंत टाकी गंजेल," अण्णा म्हणाले, आणि चौदा पायऱ्यांच्या चार केल्या. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य हवं होतं, 'तोंड लावू नये.' कन्नडमध्ये, तमिळमध्ये, हिंदीत, इंग्रजीत आणि मराठीत. मराठी वाचणारा तिथे कुणी मिस्त्री नव्हता. "असू दे," म्हणाले, "घरात वचन मराठीत दिलेलं आहे."

पत्रक ठरलं त्याच संध्याकाळी काकू आत असताना मी पुन्हा संपाचा विषय काढला. निदान एक नवी कोरी नळी, डिझेल न लागलेली, तुमच्या संपाला का नाही वापरत?

"संप स्वच्छ आहे, अक्का," ते हळूच म्हणाले.

"बघितलात?"

त्यांचा डावा डोळा मिटला. "चहा घ्या," म्हणाले, "गार होतो."

आधी बघा म्हणणाऱ्या माणसानं हे असं न बघता कसं सांगितलं, याचं मला नवल वाटलं. मग चहा घेतला आणि विसरून गेले.

तीन महिन्यांनी अण्णा मला घेऊन होसकोट्याच्या डेपोत गेले. नळ्या कशा चालल्यात ते विचारायला असेल असं मला वाटलं. त्यांनी नळीचा विषयही काढला नाही. प्रत्येक मिस्त्रीसमोर उभं राहून विचारलं, "आज सकाळी काय खाल्लं?"

"इडली."

"चव लागली?"

मिस्त्री हसत. "लागली, अण्णा."

"चटणी कशी होती?"

"खारट."

"वा!" अण्णा म्हणत आणि पुढच्याकडे जात. एक जण म्हणाला, बायको विचारते आहे, आता जेवणाला नावं का ठेवता? अण्णा परत येताना बसमध्ये ते आठवून आठवून हसत होते. इतका आनंदात असलेला माणूस मी त्यानंतर फार थोड्या वेळा पाहिला आहे.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. दशक संपता संपता गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्या दिवशी काकूंनी रसम केलं होतं, आणि ते चांगलं झालंय असं ते म्हणाले होते. काकू हे प्रत्येकाला सांगत होत्या. मी हे लिहायला घेतलं आणि बाजूला ठेवलं, असं पुष्कळदा झालं. आज पुरं करते.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी गेले. काकूंनी माळ्यावरून एक लांबट पुडकं काढून ठेवलं होतं.

"ही एक नळी निघाली. डेपोवाल्यांची राहिली असेल. घेऊन जाशील?"

मी वर्तमानपत्र सोडलं. नळी नवी नव्हती. पण वास घेतला तर डिझेलचा नव्हताच. वायर मात्र नेहमीपेक्षा लांब होती, आणि नळीवर एका ठरावीक उंचीपर्यंत पांढरट पुटं चढली होती. तिथल्या पाण्यात भांडी ठेवली की चढतात तशी.

काकूंनी पुटांवरून नख फिरवलं. मग उठून अंगणात गेल्या, मी मागोमाग. धुण्याच्या दगडाजवळ त्यांनी चपला काढल्या. त्यांनी काढल्या म्हणून मीही काढल्या. दोघींनी मिळून संपाचं झाकण सरकवलं. अण्णांच्या पिशवीतले सेल घातले. मी बटण दाबलं आणि त्यांनी नळी पाण्यात सोडली.

हिरवट, निर्मळ उजेड खाली उतरत गेला आणि तळाला टेकला. कोपऱ्यात लोटा उभा होता. पितळेचा, काळवंडलेला, सरळ. इतक्या वर्षांत तो गाळात गाडला जायला हवा होता. पण त्याच्या भोवतीचा तळ स्वच्छ होता. गाळ लोट्याला वळसा घालून नळीनं काढलेला, आणि लोटा जागच्या जागी राहू दिलेला. एकदा नव्हे, अनेकदा.

"मीच टाकला होता," काकू म्हणाल्या. "ते हॉस्पिटलात होते तेव्हा. परत चूळ भरायची वेळच यायची नाही, असं म्हणून टाकला."

त्यांनी नळीचं टोक लोट्याभोवती फिरवलं.

"मी देवळात जायची ना सोमवारी, तेव्हा करत असतील." त्या वाकून आणखी जवळून बघू लागल्या. त्यांचा डावा डोळा मिटलेला होता. "आणि मला विचारायचे, केवढं हो ते मांजर!" त्यांना हसू आलं. हसता हसता पदर तोंडाशी गेला. "बघलं होतं त्यांनी. बघलं, आणि बोलले नाहीत."

"काढूया का वर?" मी विचारलं. "नळीला दोरीचा फास बांधला की निघेल."

त्यांनी मान न उचलता मागे तळवा हलवला. दिवा तसाच खाली जळत होता. त्यांचं बघून झालं नव्हतं.